पडलं, सांडलं, जळलं... आणि वॉरंटी?

मागच्या अंकात आम्ही स्वयंपाकघरातल्या मशीनांच्या वॉरंटीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, कंपनीचा माणूस आला, मशीन उघडून बघितलं, "हे तुमच्याकडून झालंय, वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि गेला. आता सरळ सांगायचं तर साधी वॉरंटी ही कारखान्यातून आलेल्या दोषासाठी असते, हातातून पडलं, पाणी सांडलं, उंदराने वायर कुरतडली, झुरळं आत शिरली हे बहुतेक सगळ्या कार्डांवर बारीक अक्षरात वगळलेलं असतं आणि त्यावरून भांडून फारसं हाती लागत नाही. पण खरंच अपघात झालाय की दोषालाच अपघात म्हणतायत, हे ठरवलं कुणी आणि कशावरून, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. आजच्या उत्तरांत मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण लोक नेमकं हेच विचारत नाहीत.

प्रश्न : ताई, आमचा ७५० वॅटचा मिक्सर घेऊन सव्वा वर्ष झालं, मशीनवर २ वर्षं आणि मोटरवर ५ वर्षं वॉरंटी आहे. होळीला पुरण वाटताना जळका वास आला आणि बंद पडला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो मोटरमध्ये पाणी गेलंय, म्हणजे अपघाती नुकसान, पैसे भरा. आम्ही मिक्सर कधी धुतलेला नाही, पाणी सांडलेलं नाही. काय करावं? (एक वाचक, सांगली)

पाणी गेलंय हे खरं असू शकतं, तरी ते तुमच्याकडून गेलंय असं होत नाही. मिक्सरच्या भांड्याच्या तळाशी पात्याचा दांडा जिथून खाली येतो तिथे बुश आणि रबरी सील असतं, ते झिजलं किंवा मुळातच नीट बसवलेलं नसलं की चटणीचं, इडलीच्या पिठाचं पाणी थेंबथेंब खाली कपलरवर, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या भागावर, येतं आणि तिथून मोटरमध्ये उतरतं, बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. भांडं वॉरंटीत असताना गळत असेल तर त्या गळतीने झालेलं नुकसान तुमच्या माथी कसं मारता, हा प्रश्न विचारायलाच हवा. घरी तपासता येतं, भांड्यात अर्धं पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा, सकाळी कागद ओला झाला असेल तर फोटो काढून ठेवा. आणि भांडी सर्व्हिस सेंटरला दिली नसतील तर अजून देऊ नका, देणार असाल तर आधी फोटो काढा आणि पोचपावतीवर किती भांडी दिली ते लिहून घ्या.

दुसरं कारण ते सांगतील ओव्हरलोडचं, पुरण म्हटलं की हे हमखास येतंच. मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं ना, ते याच कामासाठी दिलेलं असतं, जास्त भार आला की ते सुटतं आणि मिक्सर बंद होतो, थोडा वेळ थांबून दाबलं की परत चालू. मोटर जळेपर्यंत ते बटण सुटलंच नाही तर दोष त्या बटणाचाही असू शकतो आणि तो कारखान्यातला आहे. मात्र एक बाजू तुमची पण बघा. बऱ्याच मिक्सरवर ३० मिनिटांचं रेटिंग लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सलग अर्धा तास चालवा असा नाही, साधारण ५ मिनिटं चालवून २ मिनिटं थांबवायचं अशा टप्प्यांनी चालवायचं असतं. तुम्ही पुरण सलग पंधरा वीस मिनिटं वाटलं असेल तर ते त्यांच्या बाजूने जाईल, तेव्हा जे झालं ते खरं तेच सांगा, खोटं सांगितलं तर मोटर उघडल्यावर कळतंच.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्याकडून जॉबशीटवर, म्हणजे मशीन तपासून ते देतात त्या कागदावर, कारण लिहून घ्या. "पाणी गेलं आहे" एवढं पुरत नाही, कुठून गेलं, कुठला भाग ओला किंवा गंजलेला दिसला, भांड्याचं सील तपासलं का, हे लिहायला सांगा आणि उघडलेल्या मोटरचा फोटो मागा. नाही म्हणाले तर त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करा की अमुक तारखेला लेखी कारण मागितलं, दिलं नाही. तोंडी बोलणं पुढे कुठेच उभं राहत नाही. आणि कारण लिहून मिळाल्याशिवाय "ग्राहकास मान्य" अशा रकान्यात सही करू नका, पैसे भरून दुरुस्ती करून घ्यायची वेळच आली, कारण घरात मिक्सरशिवाय चालत नाही हे मलाही कळतं, तर सहीखाली "वॉरंटीचा हक्क राखून, निषेध नोंदवून पैसे भरले" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि काढलेले खराब पार्ट परत मागून घ्या, तोच तुमचा पुरावा आहे.

तरी नाही ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं न्यायालय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला, सांगलीत बसून तक्रार होते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करायची. आणि जिथे तपासणीशिवाय दोष कळत नाही तिथे आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगितला जाऊ शकतो हे मात्र मनात धरा.

प्रश्न : फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर साठला होता, मुलाने सुरीने खरवडला आणि फस्स आवाज आला, आता फ्रीज थंडच होत नाही. कॉम्प्रेसरवर १० वर्षं वॉरंटी आहे, त्यात होईल ना? (एक वाचक, नाशिक)

नाही होणार, आणि यात कंपनीशी वाद घालून वेळ घालवू नका. सुरीच्या टोकाने फ्रीजरची ॲल्युमिनियमची भिंत, तिच्यातच गॅसच्या नळ्या असतात, ती फुटली, हे सरळ अपघाती नुकसान आहे. १० वर्षांची वॉरंटी फक्त कॉम्प्रेसर या एका भागाची असते, फ्रीजर, गॅस भरणं, मजुरी यातलं काहीच बहुतेक वेळा त्यात नसतं, जाहिरातीत १० हा आकडा मोठा दिसतो म्हणून लोकांचा गैरसमज होतो.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हल्लीच्या घरगुती फ्रीजमध्ये बरेचदा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन गॅस असतो, तो पेट घेणारा आहे. प्रमाण कमी असतं, पण असं कधी झालं तर त्या क्षणी खिडक्या उघडा, गॅसची शेगडी, देवाजवळचा दिवा विझवा, आणि तिथली बटणं चालू बंद करत बसू नका. दुरुस्तीलाही त्या गॅसचं काम येणारा माणूसच बोलवा, गल्लीतला कुणीही येऊन टॉर्चने झाळ मारायला लागला तर मारू देऊ नका. मॅन्युअल डीफ्रॉस्टवाल्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या नॉबच्या मधोमध एक बटण असतं, ते दाबलं की बर्फ आपोआप वितळतो, मुलाला ते दाखवून ठेवा.

प्रश्न : काचेच्या गॅस हॉबची काच रात्री अकराला, शेगडी बंद असताना, मोठ्याने आवाज होऊन फुटली. कंपनी म्हणते काच वॉरंटीत नाही आणि तुम्ही काहीतरी आपटलं असणार. घरात सगळे झोपलेले होते हो! सुदैवाने कुणाला लागलं नाही. (एक वाचक भगिनी, ठाणे)

तुमचं पत्र वाचून काळजी वाटली, ओट्याजवळ कुणी असतं तर! हा प्रकार लोकांना खोटा वाटतो पण टफन्ड काच कुणी हात न लावता फुटू शकते. काच तापवून एकदम थंड करतात, त्यामुळे तिच्या बाहेरच्या थरात दाब आणि आतल्या थरात ताण कायमचा अडकलेला असतो, त्यामुळेच ती मजबूत होते आणि फुटली की बारीक खड्यांसारखी फुटते. तयार होताना काचेत निकेल सल्फाइडचा कण राहून गेला तर तो महिन्यांनी, कधी वर्षांनी हळूहळू फुगतो आणि काच अचानक फुटते. हा दोष पूर्णपणे कारखान्यातला. दुसरीकडे कडेला आधी बसलेला बारीक टवका, गरम काचेवर टाकलेलं ओलं फडकं, बर्नरपेक्षा खूप मोठं पातेलं ठेवल्याने खाली परतलेली आच, ही कारणं पण असतात आणि कंपनी तीच पुढे करते.

तुकडे टाकून दिले नसतील तर ते एका खोक्यात जपून ठेवा. जिथून फूट सुरू झाली तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे जोडतुकडे दिसले तर तो त्या कणाचा संशय घ्यायला मोठा आधार असतो, अर्थात खात्री प्रयोगशाळेतच होते. "काच वॉरंटीत नाही" हे वाक्य कार्डवर असलं तरी ते वाद संपवत नाही. वॉरंटी हा कंपनीने दिलेला करार आहे, पण वस्तूत दोष असेल तर कायद्याने वेगळा हक्क मिळतो, २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्व म्हणून आख्खं प्रकरण आहे, सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली किंवा घरातल्या दुसऱ्या वस्तूचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते, नुसत्या काचेसाठी दोषाची साधी तक्रार. म्हणून तुमच्या मेलमध्ये "वॉरंटीत बदलून द्या" एवढंच न लिहिता "काचेत उत्पादनदोष आहे, तपासणी करा आणि अहवाल द्या" असं लिहा. इन्स्टॉलेशन कंपनीच्याच माणसाने केलं असेल तर तेही लिहा, कारण ओट्यातलं कापलेलं भोक नीट मापात नसेल तर काचेवर ताण येतो आणि ती जबाबदारी पण त्यांचीच.

प्रश्न : घरी डबे करून देते, रोज २५ डबे. इंडक्शन आणि मिक्सर दोन्ही वॉरंटीत बिघडले तर "कमर्शियल वापर" म्हणून नाकारलं. मग आम्ही ग्राहकच नाही का? (एक भगिनी, कोल्हापूर)

ग्राहक आहातच. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. वॉरंटी कार्डवर "फक्त घरगुती वापरासाठी" असेल तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि डब्यांसाठी घरगुती मिक्सर रोज तासनतास चालत असेल तर तो लवकर जाणारच, हे मी स्पष्ट सांगते, त्यासाठी जास्त क्षमतेची मशीनं वेगळी मिळतात. पण आयोगात जाताना "तुम्ही धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असं म्हणाले तर ते मान्य करू नका, कारण स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूत धरत नाही, ही गोष्ट ग्राहकाच्या व्याख्येतच लिहिलेली आहे. दुकानदाराने विकताना तुम्हाला डब्यांसाठी चालेल असं सांगितलं असेल आणि तो व्हॉट्सॲपवर मेसेज असेल तर तो जपा, चुकीची माहिती देऊन विकणं ही स्वतंत्र तक्रार होते.

प्रश्न : मायक्रोवेव्ह घेताना दुकानात वेगळे पैसे घेऊन "डॅमेज प्रोटेक्शन" दिलं. आता हातातून भांडं पडून दाराची काच गेली तर सांगतात क्लेम ४८ तासांत कळवायचा होता, शिवाय घसारा, म्हणजे वापरामुळे कमी झालेली किंमत, कापणार. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

अटीत तसं छापलेलं असेल तर ते तसं म्हणू शकतात, पण ती अट विकताना तुम्हाला दिली होती का? पैसे घेतल्यावर मेलवर लिंक पाठवली आणि झालं, असं सर्रास चालतं. अटींचा कागद विकत घेताना मिळाला नाही हे लेखी कळवा, आणि ग्राहकावर अवाजवी भार टाकणाऱ्या एकतर्फी अटींना अनुचित करार म्हणून आव्हान देता येतं हेही माहीत असू द्या, फक्त असा दावा थेट राज्य आयोगात चालतो, जिल्ह्यात नाही.

त्याआधी एक बघा, ही योजना देतंय कोण? एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे तीच वॉरंटी पुढे वाढवलेली, त्यात पडझड बहुतेक वेळा नसतेच. डॅमेज प्रोटेक्शन वेगळं, त्यात पडणं आणि पाणी सांडणं असतं, पण ते कधी दुकानाची किंवा सर्व्हिस कंपनीची योजना असते, कधी मागे विमा कंपनी असते. कागदावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असेल तर तुमचा रस्ता सोपा आहे, आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी लागत नाही आणि पुण्यातही कार्यालय आहे. विमा नसेल तर १९१५ आणि आयोग.

अशी योजना घेणाऱ्या बाकीच्या वाचकांनीही पैसे देण्याआधी विचारा : घसारा किती कापणार, प्रत्येक क्लेमला वेगळा चार्ज आहे का, वर्षात किती क्लेम, नुसता टवका किंवा पोचा आला तर धरणार का, आणि काच? माझं मत विचाराल तर मिक्सर, टोस्टर, इलेक्ट्रिक किटलीसाठी अशा योजना घेऊ नयेत, दुरुस्तीचा खर्च त्यामानाने कमी असतो, डिशवॉशर, मोठा ओव्हन, महागडा फ्रीज यासाठी अटी वाचून विचार करावा. काहींनी विचारलंय की घराच्या विम्यात हे येतं का. २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, ती आग, पूर, वादळ, स्फोट यांसाठी आहे, ओट्यावरून मिक्सर पडला यासाठी नाही, आणि शॉर्टसर्किटने खुद्द त्या मशीनचंच नुकसान झालं तर तेही वगळलेलं असतं, मात्र त्यातून आग पसरून बाकी घर जळलं तर ते धरतात.

प्रश्न : बिल्डिंगमधलं न्यूट्रल गेलं आणि आमचा फ्रीज, ओव्हन, वॉटर प्युरिफायर एकदम गेले. तीनही कंपन्या म्हणतात व्होल्टेजमुळे, वॉरंटी नाही. मी सत्तरीचा माणूस, कुठे कुठे फिरू? (एक ज्येष्ठ वाचक, छत्रपती संभाजीनगर)

काका, या बाबतीत कंपन्यांचं म्हणणं बरोबर आहे म्हणून त्यांच्या मागे फिरू नका, जबाबदार दुसराच आहे. घरात एका फेजचे २३० व्होल्ट येतात, पण तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटलं की काही घरांत तोच दाब वाढत जाऊन ४०० च्या जवळ पोचू शकतो आणि चालू असलेली मशीनं जळतात. आता न्यूट्रल कुठे तुटलं हे आधी ठरवा. महावितरणच्या बाजूला, म्हणजे खांबावर, सर्व्हिस वायरवर, मीटरच्या अलीकडे तुटलं तर जबाबदारी त्यांची, मीटरच्या पलीकडे सोसायटीच्या वायरिंगमध्ये तुटलं तर सोसायटीची.

घटना होऊन फार दिवस झाले नसतील तर आजच करा : १९१२ या वीज तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार केली होती त्याचा नंबर शोधा, नसेल तर आत्ता तक्रार करून नंबर घ्या, शेजारच्यांचंही नुकसान झालं असेल तर सगळ्यांचं मिळून एक पत्र उपविभागाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या, आणि लाईनमनने काय दुरुस्त केलं ते लिहून मागा. तिन्ही कंपन्यांच्या जॉबशीटवर "जास्त व्होल्टेजमुळे" असं कारण लिहून घ्या, वॉरंटी नाकारणारा तोच कागद इथे तुमच्या बाजूचा पुरावा होतो. वीज कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत, सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगही आहे. फिरणं टाळायचं तर आयोगातली तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून दाखल होते, सुनावणीही व्हिडिओवर मागता येते, नातवंडांपैकी कुणाला तरी शेजारी बसवून करून घ्या.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून केकचा स्टँड मिक्सर आणला, इथे प्लगला अडॅप्टर लावून चालवला तर धूर आला. कंपनी इथेही आहे, वॉरंटी मिळेल का? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

नाही मिळणार. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०, आणि तो स्वस्तातला अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब कमी करत नाही. शिवाय तिथे विकलेल्या वस्तूची वॉरंटी बहुतेक वेळा त्याच देशापुरती असते, इथलं सर्व्हिस सेंटर पैसे घेऊन बघेल इतकंच. मोटर त्याच दाबाची मागवून बसवता आली तरी पुढे मोटरला पेलेल एवढ्या वॅटचा, दाब कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

प्रश्न : लग्नात आहेर आलेला मिक्सर आहे, बिल नाही, कार्डवर दुकानाचा शिक्का नाही. पहिल्याच दिवशी खोक्यातून काढताना बॉडीला तडा दिसला. (एक नवी संसारी वाचक, रत्नागिरी)

आधी अभिनंदन! देणाऱ्याला संकोच न करता फोन करा आणि बिलाचा फोटो मागा, ऑनलाइन घेतला असेल तर त्यांच्या खात्यात बिल कायम असतं, दुकानातून घेतला असेल तर दुकानदार नंबरवरून काढून देतो. खोका, आतलं थर्माकोल, सिरीयल नंबरचं स्टिकर फेकू नका, तडा असलेल्या भागाचे फोटो आजच काढा आणि मिक्सर एकदाही चालवू नका, चालवल्यावर तडा तुमचाच ठरवतात. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची तक्रार ४८ तासांत नोंदवून घ्यायची आणि महिन्याच्या आत सोडवायची जबाबदारी त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यावर आहे, पण ज्यांच्या खात्यातून ऑर्डर झाली त्यांनीच तिथून तक्रार टाकलेली बरी पडते. शिक्क्याचं टेन्शन घेऊ नका, तारखेचं बिल आणि सिरीयल नंबर असला की बहुतेक कंपन्या मान्य करतात.

*पुढच्या अंकासाठी : पाण्याच्या प्युरिफायरचे वार्षिक देखभाल करार. प्रश्न पाठवताना मशीन कधी घेतलं, करार कधी संपतो आणि जॉबशीटवर काय लिहून दिलंय एवढं नक्की कळवा.*